अठरा तासांचा हिशेब

मागावर सूत तुटले की माग थांबवून तो धागा तत्क्षणी जोडण्याची शिस्त ज्या शहराने पिढ्यान्‌पिढ्या अंगी बाणवली, त्याच शहरात डोळ्याला इजा झाली तर ‘उद्या बघू’ असे म्हटले जाते, याचे आम्हांस आश्चर्य वाटते आणि खेदही वाटतो. भिवंडीत बारा-बारा तासांच्या पाळ्या चालतात. रात्रीच्या पाळीत डोळ्यात कण गेला, तर शेजारचा सोबती रुमालाचे टोक पिळून किंवा आगपेटीची काडी घेऊन तो काढावयास सरसावतो. काम सुटल्यावर औषधाच्या दुकानातून थेंब आणले जातात आणि घरी कोणी मध, कोणी तूप, कोणी गुलाबपाणी सुचवितो. या साऱ्यात दोन दिवस सहज जातात.

त्या दोन दिवसांची किंमत किती, याचा हिशेब नेपाळात मांडला गेला आहे. भक्तपूर जिल्ह्यात गावोगावच्या स्वयंसेवकांना शिकवून, डोळ्याच्या बुबुळावर ओरखडा उठलेल्या 442 जणांवर साध्या प्रतिजैविक मलमाचे उपचार करण्यात आले. त्याचे निष्कर्ष 2001 साली प्रसिद्ध झाले. इजा झाल्यापासून 18 तासांच्या आत ज्यांच्यावर उपचार सुरू झाले, अशा 284 जणांपैकी एकाच्याही डोळ्यात व्रण झाला नाही. 18 ते 24 तासांत आलेल्या 109 जणांपैकी चौघांना तो झाला. आणि 24 ते 48 तासांनी आलेल्या 49 जणांपैकी 14 जणांना! इजा तीच, मलमही तेच. फरक केवळ घड्याळाचा होता. बुबुळावरचा व्रण बरा झाला तरी मागे पांढरे फूल ठेवून जातो आणि ते फूल नजरेच्या आड येते, हे आमच्या वडीलधाऱ्या वाचकांस सांगावयास नको.

मात्र हे वाचून कोणी दुकानात जाऊन मलम मागू नये. लाल डोळ्यावर दिले जाणारे काही थेंब स्टिरॉइडयुक्त असतात. त्यांनी लाली उतरते, रोग्याला बरे वाटते, आणि आत जंतू किंवा बुरशी निर्धास्त वाढते. भिवंडी तालुक्यातील शेतकऱ्याच्या डोळ्याला भाताचे पाते लागले असेल, तर बुरशीचा हा धोका विशेष. ओरखडा आहे की व्रण, की कण अजून रुतलेला आहे, हे नुसत्या नजरेने डॉक्टरांनाही सांगता येत नाही. त्यासाठी स्लिट लॅम्प नावाचे भिंग आणि दिव्याचे यंत्र लागते, आणि निळ्या प्रकाशात हिरवा चमकणारा रंग डोळ्यात घालून पाहावे लागते.

हे काम करणारा, आणि आपल्या सर्वांत जवळ असणारा, शिकलेला माणूस म्हणजे ऑप्टोमेट्रिस्ट. आपण त्याला ‘चष्म्याचा नंबर काढणारा’ एवढेच समजतो, हा त्याच्यावर अन्याय आहे आणि आपलेही नुकसान आहे. 2021 च्या केंद्रीय कायद्याने संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांत त्याच्या व्यवसायाची गणना झाली आहे. तो शस्त्रक्रिया करीत नाही. पण कोणता डोळा उद्यापर्यंत थांबू शकतो आणि कोणता तासभरही थांबू शकत नाही, हे ओळखून चिठ्ठीसह नेत्रशल्यचिकित्सकाकडे धाडणे त्याला शिकविलेले असते. अर्थात चष्म्याचे दुकान चालविणारा प्रत्येक जण ऑप्टोमेट्रिस्ट नव्हे. पदवी विचारून घ्यावी; विचारण्यात संकोच कसला?

दोन प्रसंगी मात्र त्याच्याकडेही प्रथम जावयाचे नाही. रंगखात्यातील रसायन किंवा तंबाखूबरोबरचा चुना डोळ्यात उडाला, तर आधी नळ गाठावा. चुन्याची पुडी लहान मुले खेळता खेळता दाबतात, ती फुटते आणि चुना थेट डोळ्यात जातो. चुना आम्लाहूनही वाईट, कारण तो आत आत उतरत जातो. पापण्या उघड्या धरून निदान अर्धा तास स्वच्छ पाण्याची धार सोडावी आणि मगच रुग्णालयाचा रस्ता धरावा. दुसरा प्रसंग धोट्याचा. वेगाने उडालेला धोटा किंवा तुटलेल्या लोखंडाचा तुकडा लागून डोळा फुटला असेल, तर धुवू नये, दाबू नये, रुतलेले काही उपटू नये. डोळ्यावर न टेकेल अशी कागदी पेल्याची झाकणी बसवावी, काही खाण्यापिण्यास देऊ नये आणि थेट शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय गाठावे.

सुशिक्षित वाचकांनी हा केवळ कामगारांचा प्रश्न समजू नये. त्यांच्या घरी येणारी संकटे पुष्कळदा रक्त न सांडता येतात. दिव्याभोवती रंगीत वलये दिसू लागली, डोळा ठणकू लागला, वांत्या झाल्या, की घरात पित्ताचे औषध निघते; तो काचबिंदूचा तीव्र झटका असू शकतो. नजरेपुढे एकाएकी काळे ठिपके, विजेसारखी चमक आणि मग कडेने पडदा सरकत यावा, तर दृष्टिपटल सुटू लागले आहे असे समजावे. एका डोळ्याची दृष्टी अचानक मालवली आणि वेदना मुळीच नाही, हे लक्षण तर सर्वांत फसवे. रक्तवाहिनी बंद पडली असेल तर दृष्टिपटल काही तासांतच कायमचे निकामी होते, आणि मेंदूच्या झटक्याची ती पूर्वसूचनाही असू शकते. दुखत नाही म्हणून रविवारपर्यंत थांबणारे गृहस्थ आम्ही पाहिले आहेत.

1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात, दुसरा डोळा शाबूत असताना एका डोळ्याची दृष्टी गेली तर कमावण्याच्या शक्तीची हानी 30 टक्के धरली होती. उरलेल्या 70 टक्क्यांत तो कारागीर तुटलेला धागा कसा शोधणार, याचे उत्तर परिशिष्टात नव्हते. म्हणून आमची मागणी साधी आहे. यंत्रमागधारकांनी प्रत्येक शेडमध्ये वाहत्या पाण्याचा नळ हाताशी ठेवावा आणि धोट्याला अडविणारी आड मागावर बसवावी. इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालयात डोळ्यांची तपासणी कोणत्या वेळी होते, आणि रात्री आलेल्या रोग्याला ठाण्यास धाडावयाचे की मुंबईस जे. जे. रुग्णालयात, हे लिहिलेला फलक दारावर लावावा. तोच मजकूर मराठी, हिंदी, उर्दू आणि तेलुगू या चारही भाषांत छापून महापालिकेने शेडशेडच्या भिंतीवर डकवावा. पावसाळ्यापूर्वी हे झाले, तर आम्ही तो मजकूर याच पानावर विनामूल्य छापू.