खरीखुरी दंतकथा

दंतकथा म्हणजे जिला आगापिछा नाही अशी गोष्ट. या कानाची त्या कानाला लागलेली. तिचा पुरावा मागायचा नसतो. मराठीच्या तासाला हा अर्थ सांगून मी पुढे जातो. पण आमच्याच पुणे जिल्ह्यात दातांनी स्वतः सांगितलेली एक कथा आहे, आणि तिच्याइतका पक्का पुरावा बखरींनाही क्वचितच लाभतो.

मी राहतो ते माळेगाव बुद्रुक बारामती तालुक्यातले, नीरेकाठच्या उसाच्या मुलखातले. इथून उत्तरेला, शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तिथे 1968 ते 1983 या काळात डेक्कन कॉलेजने उत्खनन केले. हसमुख सांकलिया, झैनुद्दीन अन्सारी आणि मधुकर ढवळीकर ही त्या कामातली मोठी नावे. इसवी सनापूर्वी सुमारे 1600 ते 700 एवढा काळ नांदलेले शेतकऱ्यांचे गाव मातीखालून वर आले. सातू पिकवणारे, गुरे-शेळ्या पाळणारे, प्रसंगी हरणाची शिकार करणारे ते लोक. त्यांची शंभरावर घरे सापडली आणि दोनशेहून अधिक दफनेही.

यातली बहुतेक दफने लहान मुलांची. दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवायची, आत लेकरू ठेवायचे आणि घराच्याच जमिनीखाली पुरायचे. गेलेले मूल घराबाहेर धाडायला आईचे मन धजत नसेल काय? याचे उत्तर मडकी देत नाहीत. दात मात्र दुसऱ्या एका प्रश्नाचे उत्तर देतात.

डेक्कन कॉलेजचे डॉ. सुभाष वाळिंबे आणि अमेरिकेतील ओरेगन विद्यापीठाचे जॉन ल्युकाक्स यांनी हे दात वर्षानुवर्षे अभ्यासले. दातच का, असे कोणी विचारील. हाडे कुजतात, ठिसूळ होतात. दातावरचे लुकण मात्र शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ. शिवाय मोडलेले हाड सांधते, कातडीवरची जखम भरून येते. लुकणाचे तसे नाही. ते एकदाच थराथराने घडते आणि मग त्यात शरीराला काडीचाही बदल करता येत नाही. ते घडत असताना उपासमार झाली, मोठा ताप आला, तर तिथे थर पातळ पडतो आणि दातावर आडवी रेघ किंवा खळगा कायमचा राहतो. हिशेबनीस इतका प्रामाणिक की खाडाखोड त्याला ठाऊकच नाही.

दाताचा आकार वंशाची हकिगत सांगतो. पुढच्या दातांची आतली बाजू खोऱ्यासारखी खोलगट असणे, दाढेला एखादे जादा टोक असणे, या गोष्टी आईबापांकडून येतात. झीज अन्नाची हकिगत सांगते. दगडावर दळलेल्या धान्यात कच येते आणि ती दाढा घासून काढते. दिवाळीच्या कडबोळ्यावरून आमच्या घरी ज्याचे त्याचे वय ठरते. संशोधकही झिजलेल्या दाढेवरून वयाचा अंदाज बांधतात! कीड शेतीची हकिगत सांगते. तोंडातले जंतू पिठूळ आणि गोड अन्नाचे आम्ल करतात, म्हणून शिकारीवर जगणाऱ्यांपेक्षा शेतकऱ्यांचे दात सहसा अधिक किडलेले आढळतात. पांढरी साखर येण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट.

पण माझे मन अडकले ते दुधाच्या दातांत. इनामगावच्या मुलांच्या दुधाच्या सुळ्यांवर या संशोधकांना लहान लहान खळगे आढळले. अशा खळग्यांचा संबंध आईच्या आणि बाळाच्या कुपोषणाशी जोडला जातो. कारण दुधाचे दात घडायला सुरुवात होते ती आईच्या पोटात, चौथ्या महिन्याच्या सुमारास. जन्माच्या धक्क्याचीसुद्धा एक बारीक रेघ त्यांत उमटते. ती सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. म्हणजे दुधाच्या दाताचा पहिला भाग बाळाचा नव्हे, आईचा वृत्तांत आहे. तीन हजार वर्षांपूर्वी घोडकाठच्या कोणा गर्भारणीच्या ताटात काय पडले नाही, ते तिच्या लेकराच्या दातावर लिहिले गेले. तिचे नाव आपल्याला कधीच कळणार नाही, तिची भूक मात्र कळते.

आता इनामगावातून पुन्हा माळेगावात येऊ. दिवाळीच्या आगेमागे आमच्याकडे साखर कारखान्याचा गळीत हंगाम सुरू होतो. बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. मुकादमाकडून उचल घेतलेली नवराबायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता'. माणसे मोजण्याची ही रीतच पुष्कळ सांगून जाते. पहाटेच्या थंडीत फडात उतरायचे, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून वाहायच्या आणि रात्री कोपीत परतायचे. त्यांत दिवस गेलेल्या बाया असतात. एक खाडा पडला तरी उचलीच्या हिशेबात धरला जातो, म्हणून त्या थांबत नाहीत. त्यांनी तोडलेल्या उसाचीच साखर तुमच्या-आमच्या करंजीत असते.

पुढे कधी कोणी आपली पांढरी उकरली, तर त्याला दोन तऱ्हेचे दात सापडतील. गोडाने किडलेले आणि चांदीने बुजवलेले आपल्या मुलांचे, आणि रेघा उमटलेले कोपीतल्या मुलांचे. दोन्हींचे कारण एकच ऊस, हे त्या संशोधकाला ओळखता येईल की नाही, कोण जाणे!

वाचकहो, फराळाचे ताट कोपीवर जरूर पाठवा. पण साखरेच्या गावी राहत असाल तर आणखी एक करा. हंगामापुरत्या आलेल्या गरोदर बाईला अंगणवाडीचा आहार आणि दवाखान्यातली तपासणी इथे मिळते का, की तिचे नाव दूरच्या गावच्या वहीत आहे म्हणून ती तशीच परत जाते, याची चौकशी करा. बाळाचा पहिला दात दिसतो तेव्हा घरोघरी केवढे कौतुक होते! पण तो घडू लागतो त्याच्या जवळजवळ वर्षभर आधी, आणि जे करायचे ते तेव्हाच करावे लागते.