झटका, अंतर आणि ऐपत

हृदयविकार हा गादीवर बसून खाणाऱ्यांचा रोग आहे, ही समजूत समाजवादी कार्यकर्त्यांतही बराच काळ रुजलेली होती. क्षय, पटकी आणि कुपोषण हे गरिबांचे प्रश्न; हृदय हा शहरातील धनिकांचा आणि त्यांच्या डॉक्टरांचा प्रश्न, अशी ही विभागणी होती. माढा तालुक्यातील एखाद्या वस्तीवर पहाटे छातीत कळ येऊन कोसळणाऱ्या शेतमजुराला या विभागणीत जागाच नव्हती.

झटका येऊनही जे रुग्णालयापर्यंत जिवंत पोचतात आणि तेथे दगावतात, त्यांतील मोठा भाग कार्डिओजेनिक शॉकचा असतो. हृदयाचा स्नायू इतका निकामी होतो की रक्त पुढे ढकलले जात नाही. रक्तदाब ९० च्या खाली उतरतो, हातपाय गार पडतात, लघवी थांबते, शुद्ध हरपू लागते. १९६७ साली न्यूयॉर्कमधील किलिप व किंबल या डॉक्टरांनी झटक्याच्या २५० रुग्णांची प्रतवारी केली, तेव्हा शॉकमध्ये गेलेल्यांपैकी शंभरातले ८१ मृत्यू पावले होते. त्याच वर्षी त्याच शहरात कँट्रोविट्झ यांनी महारोहिणीत फुगा बसवून थकलेल्या हृदयाला आधार देण्याचा पहिला प्रयोग केला. हा फुगा पुढे जगभर वापरला गेला. २०१२ साली जर्मनीत ६०० रुग्णांवर त्याची रीतसर कसोटी लागली, तेव्हा फुगा बसविलेल्या व न बसविलेल्या रुग्णांच्या मृत्यूत उल्लेखनीय फरक आढळला नाही. पंचेचाळीस वर्षे विकल्या गेलेल्या यंत्राचा हा हिशेब आहे.

खरा फरक पडला तो बंद झालेली रक्तवाहिनी वेळेवर उघडण्याने. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या ३०२ रुग्णांच्या अभ्यासात तातडीने अँजिओप्लास्टी वा शस्त्रक्रिया केलेल्यांपैकी सहा महिन्यांनी शंभरामागे सुमारे तेरा जण अधिक जिवंत होते. २०२४ साली हृदयात बसविण्याच्या सूक्ष्म पंपानेही निवडक रुग्णांत जवळजवळ तेवढाच लाभ दाखविला, मात्र रक्तस्राव व पायाचा रक्तपुरवठा तुटणे हे उपद्रव वाढले. एवढे होऊनही चांगल्या रुग्णालयांत आज शॉकचे चाळीस ते पन्नास टक्के रुग्ण दगावतात. शास्त्राची धाव तूर्त एवढीच आहे.

परंतु येथवर पोचतो कोण? २००८ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या भारतीय अभ्यासात पन्नास शहरांतील वीस हजारांवर हृदयरुग्णांची नोंद आहे. दुखणे सुरू झाल्यापासून रुग्णालय गाठण्यास लागलेला मध्यम वेळ सहा तासांचा होता. महिन्याभरात श्रीमंतांतील ५.५ टक्के, तर गरिबांतील ८.२ टक्के रुग्ण मरण पावले. उपचारांतील तफावत हिशेबात धरताच हा फरक नाहीसा झाला. वय, धूम्रपान, मधुमेह धरून तो जात नव्हता. गरीब माणसाचे हृदय अधिक दुबळे नव्हते, त्याला औषध कमी मिळत होते. वर्गीय विषमतेचा इतका स्वच्छ पुरावा अर्थशास्त्राच्या ग्रंथांतही सहसा सापडत नाही.

माढ्याहून सोलापूरचे शासकीय रुग्णालय साठ-सत्तर किलोमीटरवर आहे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ पासून आहे. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१२ साली ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत सोलापूर होते. आज ती महात्मा फुले यांच्या नावाने चालते. २०१७ साली केंद्राने स्टेंटच्या किमतींवर मर्यादा घातली, तेव्हा औषधी स्टेंट तीस हजारांच्या आत आला. या गोष्टी नाकारण्याचे कारण नाही. पण विमा शस्त्रक्रियेचे पैसे देतो, तासांची भरपाई करीत नाही. रक्तगुठळी विरघळविणारे स्ट्रेप्टोकायनेज आणि साधी अ‍ॅस्पिरिन यांनी झटक्यातील मृत्यू १३ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर येतात, हे १९८८ सालीच सिद्ध झाले. शॉक आल्यावर हे औषध फारसे चालत नाही. तो येऊ नये म्हणूनच ते लवकर, म्हणजे तालुक्यातच, टोचले गेले पाहिजे.

हे अशक्य आहे असे म्हणणाऱ्यांनी महाडकडे पाहावे. लाल विंचवाच्या दंशानेही हृदय असेच कोसळते: विषामुळे रक्तवाहिन्या आवळतात, फुप्फुसांत पाणी भरते, शेवटी शॉक येतो. कोकणातील भातशेतीत राबणारा असो की उसाच्या फडाशेजारी जमिनीवर निजणारा तोडणी मजूर, हा मृत्यू अनवाणी माणसाचाच. डॉ. हिम्मतराव बावस्कर १९७६ पासून बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात हे रुग्ण पाहत होते. रक्तदाबावरील प्राझोसिन ही स्वस्त गोळी त्यांनी वापरली आणि १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्ये मांडली. गंभीर रुग्णांत शंभरामागे तीस-चाळीस असलेले मृत्यू एक-दोनावर आले. त्यासाठी कोणतेही यंत्र आयात करावे लागले नाही.

आता कारणेही बदलत आहेत. अमेरिकेतील अतिदक्षता विभागांत ताज्या झटक्याने येणारा शॉक सुमारे एक-तृतीयांशच उरला आहे. उरलेल्यांत झटक्यातून वाचलेल्या, पण वर्षानुवर्षे क्षीण होत गेलेल्या हृदयांचा वाटा मोठा आहे. अशा रुग्णाला रोज गोळ्या लागतात. त्या दोन महिने चुकल्या की तो खाटेवर येतो. योजना मुख्यतः खाटेचे पैसे देते. महिन्याच्या गोळ्या बहुधा खिशातूनच घ्याव्या लागतात आणि मजुरी बुडते तेव्हा पहिली काट त्यांनाच लागते. झटक्यातून जगविलेल्या माणसाला असे सावकाश मरू देण्यात शासनाचा पैसाही वाचत नाही.

तेव्हा तालुक्यातील कार्यकर्त्यांनी हृदयरुग्णालयाच्या कोनशिलेमागे धावू नये. माढा, कुर्डुवाडी, टेंभुर्णी येथे रात्री दोन वाजता कार्डिओग्राम निघतो काय, तो वाचून सोलापूरचा तज्ज्ञ दूरध्वनीवर सल्ला देतो काय, गुठळीचे औषध कपाटात आहे काय आणि ते टोचण्याचा अधिकार व धीर वैद्यकीय अधिकाऱ्याला दिला आहे काय, हे प्रश्न लेखी विचारावेत. आरोग्य उपकेंद्रात हृदयाच्या गोळ्यांचा पुरवठा किती दिवस खंडित होता, याचा साठा-नोंदवहीतील उतारा मागावा. शॉकमध्ये दाखल झालेल्या प्रत्येक रुग्णाच्या कागदावर कळ कधी आली, पहिला कार्डिओग्राम कोठे व किती वाजता निघाला, ही नोंद तालुकावार ठेवण्यास जिल्हा प्रशासनाला भाग पाडावे. माढ्याचा आकडा त्यानंतरच कळेल.