लिनक्सचें कोठार

विंडोज सोडून लिनक्सकडे वळणारा नवशिका प्रथम विचारतो, 'सेटअप'ची फाईल कोठें मिळेल? आम्ही म्हणतों, ती शोधूंच नये. विंडोजवर २०१२ पासून स्वतंत्र स्टोअर असूनही पुष्कळ लोक निरनिराळ्या संकेतस्थळांवरूनच फाइली उतरवून घेतात, आणि त्यांत एखादी बनावट निघते. उबुंटूसारख्या लिनक्सांत मात्र वितरकांचें स्वतःचें कोठार असतें. 'ॲप्ट' या साधनाकडे चित्रफिती दाखविणारा व्हीएलसी मागितला, कीं स्वाक्षरी पडताळून तें त्यास लागणारे इतर भागही बरोबर आणतें. सावधगिरी मात्र येथेंही हवीच. 'सुडो'नें आरंभ होणारी आज्ञा परवलीचा शब्द घेऊन सर्वाधिकार मिळविते. तेव्हां परक्यानें सुचविलेली अशी आज्ञा अर्थ समजल्यावांचून चालवूं नये, अशी घरांतील लहानथोरांस आमची सूचना आहे.