पडदा काळा का राहिला?

दिवाळीच्या सुट्टीपूर्वी आमच्या संगणक कक्षात एक लहानशी घटना घडली. ती आधी सांगतो, मग आमचे मत मांडतो.

एका माजी विद्यार्थ्याने शाळेस तळहाताएवढा एक संगणक आणि त्याला पट्टीसारख्या चपट्या केबलने जोडलेला छोटा पडदा भेट दिला आहे. त्यावर लिनक्स चालते. नववीतील एक विद्यार्थिनी त्यावर काम करीत असता पडदा नेहमीप्रमाणे झोपी गेला आणि उठवला तेव्हा काळाच राहिला. तिने केबल नीट दाबून पाहिली, चार-पाच वेळा प्रयत्न केला, पण व्यर्थ. मग तिने तो मुकाट्याने कपाटात ठेवून दिला. कारण कक्षाच्या दारावर आमच्याच सहीची सूचना आहे : "संगणकास काही झाल्यास विद्यार्थ्यास जबाबदार धरून भरपाई घेतली जाईल." तीन आठवड्यांनी सरांनी तो बाहेर काढून लावला, तर पडदा छान उजळला! सर त्यावर चकार शब्द बोलले नव्हते. तरी मुलगी रडू लागली आणि सगळे सांगून मोकळी झाली.

तीन आठवडे कपाटात राहून यंत्र आपोआप बरे कसे झाले? आमचे बी.एस्सी. हिंदी माध्यमातून झालेले, आणि संगणक आम्ही नोकरीस लागल्यावर शिकलो. त्यामुळे सर आणि तो माजी विद्यार्थी (तो याच क्षेत्रात काम करतो) यांच्याकडून समजून घेतले, ते असे.

पडदा लावणे म्हणजे दिव्याचे बटण दाबणे नव्हे. लिनक्सच्या गाभ्यात, ज्याला कर्नल म्हणतात, प्रत्येक यंत्रभागासाठी ड्रायव्हर नावाचा एक कार्यक्रम असतो. अशा पडद्याचा ड्रायव्हर सहसा आधी 1.8 व्होल्टचा पुरवठा सुरू करतो. तो स्थिरावला की काचेला लागणारा, अधिक आणि उणे 5 व्होल्टच्या आसपासचा. मग रीसेटची तार असल्यास ती हलवायची, मग पडद्याच्या चिपला एकामागून एक आज्ञा द्यायच्या. 'झोपेतून ऊठ' म्हटल्यावर अनेक पडद्यांना 120 मिलिसेकंद द्यावे लागतात. घाई केली तर पुढची आज्ञा वाया जाते. मागचा दिवा, म्हणजे बॅकलाइट, सर्वांत शेवटी. स्नेहसंमेलनात नेपथ्य लागण्याआधी पडदा उघडला तर प्रेक्षकांना काय दिसते, हे आपण सर्वांनी पाहिलेच आहे! बंद करताना हाच क्रम उलटा.

आता बिघाडाकडे. वीजपुरवठ्याचा हिशेब कर्नलमधील रेग्युलेटर नावाची व्यवस्था ठेवते. एकाच पुरवठ्यावर अनेक भाग चालत असू शकतात, म्हणून ती मोजणी करते. कोणी पुरवठा मागितला की आकडा एकाने वाढतो, सोडला की एकाने कमी होतो, आणि शून्य झाल्यावरच वीज तुटते. आमच्या पडद्याची केबल सैल होती. पुरवठा सुरू झाला, मोजणी 1 झाली, पण आज्ञा पोहोचली नाही आणि 'उणे 5' हे उत्तर आले. कर्नलच्या भाषेत याचा अर्थ देवाण-घेवाण झाली नाही. या पडद्याबरोबर आलेला ड्रायव्हर ते उत्तर घेऊन तेथूनच परत फिरला, आपण सुरू केलेला पुरवठा बंद न करता. पुढच्या प्रयत्नात मोजणी 2, मग 3. केबल घट्ट बसली तरी अर्धवट जागी झालेली चिप तशीच अडकलेली, कारण तिची वीज कधी तुटलीच नाही, आणि रीसेटची तारही या पडद्याला नव्हती. कपाटात ठेवण्यासाठी मुलीने प्लग काढला तेव्हाच खरे तर दुरुस्ती झाली होती!

जाणते लोक यासाठी ड्रायव्हरमध्ये परतीची वाट लिहून ठेवतात. तिसऱ्या पायरीवर अडले तर दुसरी सोडा, मग पहिली सोडा, मग वर कळवा. त्यासाठी ते चक्क 'गोटू' वापरतात. डाइक्स्ट्रा यांनी 1968 साली ज्याच्याविरुद्ध पत्र लिहिले आणि आमचे सर ज्याला हात लावू देत नाहीत, तोच हा गोटू. कर्नलच्या लेखन-नियमांत या कामापुरता तो मान्य आहे.

बंद करण्याची रीत मात्र वेगळी, आणि आम्हास सर्वांत आवडली ती हीच. सुरू करताना अडले की थांबून मागे फिरायचे. बंद करताना 'चित्र घालव' ही आज्ञा फसली तरी थांबायचे नाही. नोंद करायची आणि पुढे जाऊन वीज तोडायचीच. शाळा बंद करताना एका खोलीचे कुलूप लागले नाही, तर शिपाई बाकीच्या खोल्या उघड्या टाकून घरी जात नाही.

आणखी एक उत्तर आहे, 'उणे 517'. ज्याच्याकडून पुरवठा घ्यायचा तो भाग अजून तयार नसेल तर ड्रायव्हर हा आकडा देतो आणि कर्नल त्याला नंतर पुन्हा बोलावतो. ही सोय 2012 साली आली. नापास नाही, फक्त 'थोड्या वेळाने या'.

आमचे म्हणणे आता मांडतो. हिंदीत अशा प्रसंगाला 'त्रुटि' म्हणतात. मराठीत आपण 'चूक' म्हणतो, आणि चूक म्हटली की पुढचा प्रश्न ठरलेला : कोणाची? कर्नल तो प्रश्न विचारत नाही. तो विचारतो, कोणत्या पायरीवर आणि आता काय सोडायचे. आमच्या सूचनेने मात्र एका मुलीला 'उणे 5' वर कळवू दिले नाही. ही चूक, मराठी अर्थाने, आमची आहे.

सूचना आम्ही उतरविली आहे. भरपाईचा नियम मंडळाचा असल्याने तो रद्द करण्याचा ठराव विश्वस्तांपुढे ठेवू. मुले बेफिकीर होतील, ही शंका काही विश्वस्तांनी बोलून दाखविली आहे आणि ती अगदीच निराधार नाही. मुद्दाम केलेल्या मोडतोडीसाठी नियम राहावा. पण जो आपणहून सांगेल त्याच्याकडून एक रुपयाही घेऊ नये. तसेच नववीच्या प्रात्यक्षिकात 30 पैकी 10 गुण 'अडले तर कार्यक्रम काय करील' यास द्यावेत, असे सरांना सुचविले आहे. अभ्यासक्रम पुरा होत नाही ही त्यांची तक्रार खरी आहे, तरी आम्ही आग्रह धरणार आहोत.

ड्रायव्हरमधील त्या ओळी मुलीने सरांसमवेत आपल्या प्रतीत दुरुस्त केल्या. पहिल्या खेपेस पुरवठा सोडण्याचा क्रम उलटा लिहिला गेला, तो दुसऱ्या दिवशी सुधारला. केबल मुद्दाम सैल करून पाहिली, पुन्हा बसविली, पडदा आला. ठरावाविषयी पालकांनी आपले मत, विरोधी असले तरी, सभेपूर्वी शाळेच्या कार्यालयात लेखी द्यावे.