चित्रांस चालतें करण्याची विद्या

संगणकावर चित्रें हालवून दहा-पंधरा सेकंदांची गोष्ट सांगणें आतां शाळेंतील मुलांस सहज साध्य झालें आहे. ‘परीक्षेस नसलेला हा खेळ कशाला?’ असें पालक विचारतात. आमचें मत असें कीं, हा खेळ केजच्या मुलांस अवश्य शिकवावा. मात्र शिकविण्याचा क्रम नीट असावा.

पुष्कळदां आरंभच उलट होतो. मुलानें वस्तूची पहिली व शेवटची जागा दाखवावयाची आणि मधलीं चित्रें यंत्रानें भरावयाचीं! सोय मोठी खरी. पण निराळें सांगितलें नाहीं, तर यंत्र पुष्कळदां सारें अंतर एकाच वेगानें काटतें. आतां ऊस तोडणारा हात घ्या. कोयता वर जातांना सावकाश जातो, किंचित् थबकतो, आणि बुडाशीं येतांना डोळ्यास दिसूं नये इतका झपाट्यानें येतो. यंत्राचा कोयता रहाटासारखा एकाच गतीनें फिरतो. त्यानें ऊस तुटावयाचा नाहीं. ही चूक वर्गांत प्रथम कोण ओळखील? दिवाळीनंतर आईबापांबरोबर फडावर जाऊन आलेला मुलगा. शाळा बुडाल्यामुळें गणितांत मागें पडणारा तोच. बीड जिल्ह्यांत अशीं मुलें थोडीं नाहींत.

म्हणून प्रथम प्रत्येक चित्र हातानेंच काढावें. पेन्सिल-टू-डी ह्या विनामूल्य साधनांत मागील चित्र फिकट दिसत राहतें. त्यावरून पुढील काढतां येतें. सेकंदास १२ चित्रें धरलीं तरी दहा सेकंदांस १२० लागतात. इतके श्रम पडूं लागले म्हणजे गोष्टींतील फापटपसारा (आणि मोठ्यांस प्रिय असलेला उपदेशही) आपोआप गळतो. दादासाहेब फाळके ह्यांनीं १९१२ सालीं कुंडींतील वाटाण्याचें रोपटें दररोज थोडथोडें चित्रित केलें. महिन्याहून अधिक काळाची वाढ मिनिटभरांत पडद्यावर दिसली, आणि ती पाहून भांडवल देणारा मिळाला. १९१३ त ‘राजा हरिश्चंद्र’ अवतरला. फाळक्यांजवळ संगणक नव्हता. रोज त्याच रोपट्याकडे पाहण्याची चिकाटी होती.

गळीत हंगाम संपून मुलें परतलीं कीं, बुडालेल्या अभ्यासाच्या तासांबरोबर हाही एक तास त्यांस द्यावा. आणि कोयत्याचीं चित्रें तपासण्याचें काम मास्तरांनीं नव्हे, त्यांनीं करावें.