तीन गुणांचे गाणे

मॅट्रिकच्या वाऱ्या करणारा एखादा मामा पूर्वी घरोघरी असे. युरोपातल्या राष्ट्रांची युरोव्हिजन नावाची जी गाण्याची चढाओढ १९५६ सालापासून चालत आली आहे, तिच्यातला मामा म्हणजे पोर्तुगाल. १९६४ साली कोपनहेगनला तो प्रथम परीक्षेला बसला आणि शून्य गुण घेऊन घरी परतला. त्याच रात्री फ्रँको व सालाझार यांच्यावर बहिष्कार टाका, असा फलक घेऊन एक इसम रंगमंचावर घुसला होता. सालाझार म्हणजे तोच, गोवा हातचा गेल्यावरही ज्याचा हेका सुटला नाही तो.

पुढचे सगळे निकाल मी सांगत बसत नाही. सणासुदीला कुणाच्या प्रगतिपुस्तकातली लाल शाई कशाला दाखवा! पहिल्या पन्नास वर्षांत सर्वांत वरचा नंबर लागला तो १९९६ साली, सहावा. आणि लगेच पुढल्या वर्षी पुन्हा भोपळा.

मला सांगायचे आहे ते १९७४ सालच्या निकालाबद्दल. ६ एप्रिलला इंग्लंडातल्या ब्रायटन गावी स्वीडनच्या आब्बा मंडळींनी बाजी मारली. पोर्तुगालतर्फे पाउलो द कार्व्हाल्यो याने ‘निरोपानंतर’ अशा अर्थाचे एक विरहगीत म्हटले. माझ्या मते गाणे काही वाईट नव्हते, पण मिळाले गुण तीन. शेवटल्या जागेवर चौघे दाटीवाटीने बसले होते, त्यांतला हा एक.

त्यानंतर अठराच दिवसांनी, २४ एप्रिलच्या रात्री अकराला पाच मिनिटे असताना लिस्बनच्या एका रेडिओ केंद्रावर हेच गाणे लागले. हरलेल्या प्रेमगीतात सरकारी सेन्सॉरला काय सापडणार? पण छावण्यांतून काही तरुण कॅप्टन रेडिओला कान लावून बसले होते. आफ्रिकेतल्या वसाहतींत तेरा वर्षे चाललेल्या लढायांना ते विटले होते. त्यांच्यासाठी ती खूण होती : तयार राहा. बारा वाजून वीस मिनिटांनी दुसऱ्या केंद्रावर झुझे अफोन्सोचे गाणे लागले; ती निघण्याची खूण. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत १९२६ पासूनची हुकूमशाही कोसळली. गुप्त पोलिसांच्या गोळ्यांनी चार माणसे गेली. एरवी शिपायांच्या बंदुकांत लोकांनी कार्नेशनची फुले खोवली.

या उलथापालथीची एक लाट आपल्या दारापर्यंत आली. १९६१ साली गोवा मुक्त झाला, तरी लिस्बनच्या दप्तरी तो पोर्तुगालचाच होता. नव्या सरकारने ३१ डिसेंबर १९७४ रोजी दिल्लीत करार करून गोव्यावरचे भारताचे सार्वभौमत्व मान्य केले.

मामा पास झाला तो थेट २०१७ साली, कीव्हला. आणि तोही पहिल्या नंबराने, ७५८ गुण मिळवून. भाऊबीजेच्या दिवसांत सांगावी अशीच ती हकीकत आहे. साल्व्हादोर सोब्रालने म्हटलेले गाणे त्याची बहीण लुईझा हिने रचलेले. त्याचे हृदय इतके दुबळे की सुरुवातीच्या तालमींना त्याच्या जागी तीच उभी राहिली. जिंकल्यावर दोघांनी ते मिळून म्हटले. त्याच डिसेंबरात त्याच्यावर हृदयारोपणाची शस्त्रक्रिया झाली.

जिंकणाऱ्याने पुढल्या साली यजमान व्हायचे, असा तिथला रिवाज. त्याप्रमाणे २०१८ साली लिस्बनला मांडव पडला. अंतिम फेरीत गाणी सव्वीस. यजमानांचा नंबर सव्विसावा.