अर्धशिशी आणि खिन्न मन

अर्धशिशी ही निव्वळ डोकेदुखी नव्हे. ती असणाऱ्यांत नैराश्य इतरांच्या सुमारे दुपटीने आढळते. नैराश्यग्रस्तांनाही अर्धशिशी अधिक जडते. खारबावसारख्या गावांतून भिवंडीच्या यंत्रमागांवर जाणाऱ्या कामगाराला मजुरी विणलेल्या कापडावर मिळते. डोके ठणकले की मजुरी बुडते, म्हणून तो दुकानातली गोळी घेऊन मागावर उभा राहतो. अशा गोळ्यांच्या अतिरेकाने डोकेदुखी उलट बळावते आणि मनाची खिन्नता तशीच राहते. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने उपचाराचा हक्क प्रत्येकाला दिला आहे. तो खरा ठरायचा असेल, तर डोकेदुखीच्या रुग्णाला प्राथमिक आरोग्य केंद्रातच झोपेविषयी आणि उमेदीविषयीही विचारले गेले पाहिजे. एवढ्या विचारपुशीला वेगळा निधी लागत नाही.